फोटोतली पार्श्वभूमी कोण ठरवतो?

कर्जतहून खंडाळ्याकडे घाट चढताना ठाकुरवाडी नावाचे रेल्वेचे ठाणे लागते. बोरघाटातला हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज छायाचित्रकाराच्या, मुंबई इलाख्यातल्या जातीजमाती दाखवणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, दुसरा १८६६ मध्ये. त्यातल्या अनेक चित्रांत माणसे एका जागची आणि मागचा देखावा दुसऱ्याच जागचा आहे. दोन फोटो जोडून एक केलेला! म्हणजे माणूस कुठे शोभतो, हे कॅमेरेवाल्याने ठरवले. पुढे १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. ज्यांचे फोटो काढले त्यांना कोणी विचारले होते?

आज जाणकार सांगतात, माणसाला त्याच्या घरात, कामावर टिपा, तरच तो कळतो. तत्त्व खरे आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो गटारात, कचऱ्यात काढले आणि त्यांच्या घरातही काढले. त्यामुळे जात शहराच्या पोटात कशी राबते हे दिसले. पण परिसर दाखवणे वेगळे आणि माणसाला परिसरात कोंडणे वेगळे. बाबासाहेबांचे पुस्तकांत बसलेले फोटो आठवा. व्यवस्थेने त्यांना जी जागा नेमून दिली होती ती त्यांनी नाकारली आणि आपली पार्श्वभूमी स्वतः निवडली. ते पुस्तक, तो सूट, ही हौस नव्हे.

ठाकूर समाजाला ही निवड अजून मिळालेली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. देशाने ही वाडी पाहिली ती ढिगाऱ्यापुढे. एरवी पावसाळी सहलीच्या फोटोत कुडाची झोपडी आणि डोक्यावर मोळी, एवढीच तिची ओळख.

आम्हीही यातून सुटलेलो नाही. एका ठाकुरवाडीत अहवालासाठी फोटो हवे होते. आम्ही एका आजीला गळक्या छपराखाली उभे राहायला सांगितले. ती म्हणाली, "हितं नको. वर चला." आम्हाला वाटले, तिला लाज वाटते. ती आम्हाला वरकस जमिनीवर घेऊन गेली. तिथे तिने आणि तिच्या नवऱ्याने रचलेला दगडांचा बांध होता. खाली नाचणीचा तुकडा.

आम्ही समाजशास्त्र शिकलेले, आणि मुद्दा तिने सांगितला. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम वाचा. दाव्याला पुरावा म्हणून घर, झोपडी, जमीन सपाट करणे, बांध घालणे या खुणा ग्राह्य धरल्या आहेत. आमच्या अहवालातली गळकी झोपडी दया मागत होती. तिचा बांध हक्क मागत होता.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी मोबाइल काढण्याआधी विचारा, "कुठे उभे राहायचे आहे?" ग्रामसभेत दावा मांडताना तोच फोटो कागदांसोबत जोडा आणि त्याची एक प्रत ज्याचा फोटो त्याच्या हातात द्या. आजीची प्रत आम्ही दिली. तिने ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.