सेतूपलीकडची आगबोट

परदेशप्रवासाची आखणी म्हणजे रजेचा अर्ज, खात्याची परवानगी, पारपत्र आणि खर्चाचा अंदाज, अशी आम्हां सरकारी नोकरांची समजूत असते. ती चुकीची नाही. पण ह्या कागदांकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहिले, तर तो इतिहासच ठरतो. कोणत्या काळी कोणाला कोणता कागद लागत असे आणि कोणाला लागत नसे, एवढे जरी मांडले, तरी दोन देशांचे संबंध उलगडू लागतात. भारत आणि सिंहलद्वीप ह्यांमधील आगबोटीची कथा ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

मराठी माणसाच्या लेखी दक्षिणेकडचा प्रवास पिढ्यान्पिढ्या रामेश्वरापाशी संपत आला. काशीची गंगा रामेश्वरी न्यावी आणि सेतूची वाळू काशीला पोचवावी, ही आपली परंपरा. नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, ती गंगाही रामेश्वरासाठीच निघालेली होती. सेतूच्या पलीकडे लंका आहे हे सर्वांस ठाऊक होते. पण तेथे जाण्याचा बेत कोणी करीत नसे. तमिळ माणसाला मात्र ते पाणी शेवट वाटले नाही. त्याच्या दृष्टीने ती एक वहिवाटीची वाट होती.

आगगाडी आणि आगबोट आल्यावर ही वाट तुतिकोरिनवरून जाऊ लागली. तुतिकोरिन–कोलंबो ही वाहतूक इंग्रज कंपनीच्या हाती होती. तिला आव्हान देण्यासाठी व. उ. चिदंबरम् पिळ्ळे ह्यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. पिळ्ळे हे टिळकपक्षाचे. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये ते लोकमान्यांच्या बाजूस होते. त्यांच्या 'गॅलिया' आणि 'लावो' ह्या बोटी धावू लागताच इंग्रज कंपनीने भाडे इतके उतरविले की, शेवटी उतारूंना फुकट नेऊन वर छत्री भेट देण्यापर्यंत मजल गेली, असे सांगतात. १९०८ च्या जुलै महिन्यात पिळ्ळ्यांना शिक्षा झाली, आणि त्याच महिन्यात लोकमान्यांनाही. स्वदेशी कंपनी पुढे मोडीत निघाली. कोणत्या बोटीचे तिकीट काढावे, हा प्रश्न त्या दोन वर्षांत राजकारणाचा होऊन बसला होता.

१९१४ साली पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि मार्ग पालटला. मद्रासच्या एग्मोर स्थानकावर 'बोट मेल'मध्ये बसावे, धनुष्कोडीच्या धक्क्यावर उतरावे, सुमारे बावीस मैलांचे पाणी आगबोटीने ओलांडावे आणि तलैमन्नारला पुन्हा गाडीत बसून कोलंबो गाठावे, असा तो क्रम होता. सारा प्रवास एकाच तिकिटावर होई. दोन्ही देश एकाच साम्राज्याखाली असल्यामुळे आखणी एवढी सोपी होती.

परंतु ही सोय सर्वांस सारखी नव्हती. चहाच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांना पांबनच्या अलीकडे मंडपम् येथील छावणीत, रोगप्रतिबंधासाठी म्हणून, अडकवून ठेवीत. समुद्र एकच होता, तरी साहेब त्यावरून प्रवास करीत असे आणि मजूर पाठविला जात असे. ज्याच्या प्रवासाची आखणी दुसराच कोणी करतो, त्याच्या वाट्याला परतीचे तिकीट क्वचितच येते.

ह्याचा अर्थ १९४८ नंतर स्पष्ट झाला. स्वतंत्र सिलोनने त्या वर्षी केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य तमिळ मजूर कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्रीजी आणि श्रीमती सिरिमावो बंदरनायके ह्यांच्यात करार झाला. एकंदर ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने ठेवावीत आणि उरलेल्या १,५०,००० जणांचा विचार मागाहून करावा, असे ठरले. तो विचार १९७४ साली झाला, आणि ती माणसे दोन्ही देशांनी निम्मीनिम्मी वाटून घेतली. हिशेब चोख होता. पण ज्यांचा हिशेब झाला, त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म सिलोनातला. 'मायदेशी परत' हे शब्द त्यांच्या कागदांवर होते. तो मायदेश मात्र त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

ह्या करारास दोन महिनेही झाले नव्हते, तोच २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी धुऊन नेली. पांबनहून निघालेली उतारूंची गाडी शंभराहून अधिक माणसांसह समुद्राने गिळली. धक्का गेला, गाव गेले. बोट पुढे रामेश्वरहून सुटू लागली, आणि करारातील कुटुंबे तिच्यातूनच उतरली. १९८० नंतरच्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली, तेव्हा तीही थांबली. मंडपमची छावणी मात्र ओस पडली नाही. आता तेथे निर्वासित येऊ लागले.

२०११ साली तुतिकोरिन–कोलंबो अशी बोट सुरू झाली आणि त्याच वर्षी बंदही पडली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टणम् ते कांकेसंतुरै ही सेवा निघाली. पावसाळी हवेमुळे ती थोड्याच दिवसांत थांबली आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी 'शिवगंगाई' ह्या बोटीने पुन्हा चालू झाली. सुमारे साठ सागरी मैलांचे हे अंतर चार तासांचे. नागपट्टणम् हे तंजावरच्या मराठी राज्याच्या किनाऱ्यावरील बंदर, जरी ते स्वतः दीर्घकाळ डचांच्या हाती होते. ह्याच किनाऱ्याने दक्षिणेस गेल्यास, दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ उभारलेला 'मनोरा' आजही पाल्कच्या सामुद्रधुनीकडे पाहत उभा आहे.

तिकडे बदलीवर असलेल्या आमच्या वाचकांपैकी कोणी हा प्रवास योजीलच, तर त्याने ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य वाऱ्यांचे दिवस टाळावेत आणि बोट ठरल्या दिवशी न सुटल्यास पुरेल एवढी रजा हाती ठेवावी. सरकारची रजाप्रवासाची सवलत आपल्याच किनाऱ्यावर संपते, हेही ध्यानात धरावे. पारपत्रावर शिक्का पडताना एक गोष्ट मात्र मनात असू द्यावी. आपण नोकरीसाठी घरापासून दूर राहतो, आणि त्याची कुरकुर आपल्या पत्रांतून नेहमी उमटते. परंतु आपल्याला परत जावयाचे गाव आहे, आणि कधी परतावे हे बहुधा आपणच ठरवितो. ह्या पाण्यावरून ज्यांची ने-आण झाली, त्यांना एवढाही अधिकार नव्हता.