सोमवारचा खोकला

लालबागला आमच्या चाळीत सोमवारी रात्री खोकल्याचे आवाज जास्त यायचे. आमचे अण्णा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. रविवारी ठणठणीत, सोमवारी पाळी करून आले की छाती आवळलेली. डॉक्टर म्हणत, "दमा आहे, विडी सोडा." अण्णांनी विडीला कधी हात लावला नव्हता.

तो बिसिनोसिस होता, हे मला निवृत्तीनंतर वाचताना उमगलं. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आकसतात. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला त्रास वाढतो, हीच त्याची खूण. पाळीआधी आणि पाळीनंतर स्पायरोमीटरमध्ये फुंकायला लावलं की फरक आकड्यांत दिसतो. वेळीच खातं बदललं तर माणूस सावरतो; वर्षं उलटली की नुसती औषधं उरतात. परळच्या केईएममधल्या डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह गिरणी कामगारांचा पाच वर्षं अभ्यास केला आणि हा आजार इतर श्वासविकारांपासून वेगळा कसा ओळखावा, ते १९८१ साली मांडलं. पुढच्याच जानेवारीत संप सुरू झाला.

रविवारची सुटी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली मिळवून दिली. ती नसती तर सोमवारची खूणही दिसली नसती. अण्णांच्या केसपेपरवर मात्र शेवटपर्यंत 'दमा'च राहिला.

तुमच्या घरी कोण होतं गिरणीत?