सीईटीतले ९२ पर्सेंटाइल

* ९२ पर्सेंटाइल : एमएचटी-सीईटीतला हा आकडा शेकडा गुण नव्हे, सत्रातले स्थान आहे. परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि दर सत्राला प्रश्नपत्रिका वेगळी असते. पीसीएम गटात एकूण २०० गुण. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिक-रसायनचा एका गुणाचा. समजा, एका सत्राला २०,००० जण बसले आणि त्यांपैकी १८,४०० जणांना ११० किंवा त्याहून कमी गुण पडले, तर ११० गुणांना ९२ पर्सेंटाइल मिळतात. पेपर अवघड निघाला तर तेवढेच पर्सेंटाइल ९५ गुणांनाही मिळू शकतात. म्हणून ‘आठ टक्के गेले’ असे म्हणत लेकराला बोल लावणे सर्वस्वी चूक आहे.

मुखेडहून नांदेडच्या केंद्रावर गेलेल्या मुलीच्या वाट्याला अवघड सत्र आले तर तिचे नुकसान झाले, असा आक्षेप पालक घेतात. तो टिकत नाही, कारण तिची तुलना तोच पेपर सोडवणाऱ्यांशीच होते. एखाद्या सत्रात हुशार मुलेच जास्त आली तर काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. परीक्षार्थींची सत्रांत वाटणी कसलाही क्रम न लावता होते आणि संख्या मोठी असते, त्यामुळे सत्रांची सरासरी कुवत जवळपास सारखी राहते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. सत्र लहान असेल तेव्हा ते लंगडे पडते, हे मान्य केलेच पाहिजे. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा : एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते; ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. — संपा.