शिक्का मारणं सोपं, मागे घेणं अवघड

आज थोडं मोठं लिहितोय, पण विषय आपल्या गावातल्या पैशाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

ऑनलाइन काढलेला सातबारा कॉम्प्युटरवर उघडला की सहीच्या जागी पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. मग लोक विचारतात, "भाऊ, हा सातबारा खरा का खोटा?" बहुतेक वेळा सातबारा खराच असतो. आपल्या देशाच्या मूळ प्रमाणपत्राची त्या कॉम्प्युटरला ओळखच नसते, एवढंच. पण या निमित्तानं दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे, जो कोणी विचारत नाही. ज्या माणसाच्या नावाची ही सही आहे, त्याचा सहीचा अधिकार आज शिल्लक आहे का? आणि नसेल तर ते आपल्याला कळणार कुठून?

प्रश्न जुनाच आहे. पेशवाईत प्रत्येक पेशव्याच्या नावाचा वेगळा शिक्का असायचा. पेशवा बदलला की शिक्का बदलायचा. कागदाच्या शेवटी मोर्तब उठायची, त्यावरूनच 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपल्या बोलण्यात राहिला. शिक्का उठवण्याला शब्द मिळाला, काढून घेण्याला मात्र तसा शब्द रुळला नाही. आपलं सगळं लक्ष देण्यावर, काढून घेण्यावर नाही.

डिजिटल सहीला आपल्याकडे कायद्याचा आधार मिळाला तो माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मुळे. 17 ऑक्टोबर 2000 ला तो लागू झाला. या कायद्यानं 'कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज' म्हणजे सीसीए हे पद निर्माण केलं. सीसीए परवाना देणार, परवानाधारक संस्था आपल्याला प्रमाणपत्र देणार, अशी साखळी. कायदा करणाऱ्यांनी काढून घेण्याचाही विचार केला होता. कलम 37 प्रमाणपत्र तात्पुरतं थांबवण्याचं, 38 रद्द करण्याचं, 39 त्याची जाहीर नोंद करण्याचं. आणि 42 सांगतं की सहीची गुप्त किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, तर मालकानं विनाविलंब कळवायचं.

आता हे रद्द करणं चालतं कसं? चेकबुक हरवलं की आपण बँकेत जाऊन पेमेंट थांबवतो, तसंच. प्रमाणपत्र देणारी संस्था एक यादी काढते, तिला सीआरएल म्हणतात. त्यात रद्द झालेल्या प्रमाणपत्रांचे क्रमांक आणि रद्द झाल्याची तारीख असते. यादी कुठे सापडेल त्याचा पत्ता प्रमाणपत्रातच लिहिलेला असतो. खरी मेख इथेच आहे. प्रमाणपत्र देणारा सर्व्हर मांडतानाच हा पत्ता नीट भरावा लागतो. नंतर बदलला तर तो पुढच्या प्रमाणपत्रांनाच लागतो, आधी दिलेली जुनाच पत्ता घेऊन फिरतात. यादी किती दिवसांनी निघणार हेही तिथेच ठरतं. विंडोजच्या सर्व्हरवर मूळ सेटिंग आठवड्याला एक पूर्ण यादी आणि रोज एक छोटी पुरवणी, असं असतं. म्हणजे आज रद्द केलेली सही पुढची यादी पोचेपर्यंत चालू शकते.

पत्ता नसला तर काय होतं, ते जगानं 2001 मध्ये पाहिलं. जानेवारीच्या 29 आणि 30 तारखेला कोणा भामट्यानं मायक्रोसॉफ्टचा माणूस असल्याचं भासवलं आणि व्हेरीसाइन या नामांकित कंपनीकडून मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रं मिळवली. चूक लक्षात आल्यावर व्हेरीसाइननं ती रद्द करून यादीत टाकली. पण त्या प्रमाणपत्रांत यादीचा पत्ताच नव्हता! ब्राउझरनं शोधायचं कुठे? शेवटी मायक्रोसॉफ्टला विंडोजसाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. बैल गेला अन् झोपा केला.

दुसरा धडा आपल्या देशातला आहे. 2 जुलै 2014 ला गूगलच्या लक्षात आलं की आपल्या संकेतस्थळांच्या नावानं खोटी प्रमाणपत्रं फिरताहेत, आणि ती भारत सरकारच्या एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून निघालेली आहेत. दुसऱ्याच दिवशी सीसीएनं एनआयसीची मधल्या पायरीची प्रमाणपत्रं रद्द केली. सीसीएनं सांगितलं, एनआयसीच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली आणि चार खोटी प्रमाणपत्रं निघाली, तीन गूगलची, एक याहूचं. गूगल म्हणालं, त्या चारांत नसलेलीही आम्हाला माहीत आहेत. पुढे गूगलनं क्रोममध्ये भारताच्या मूळ प्रमाणपत्राचा अधिकार जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्याच नावांपुरता ठेवायचं ठरवलं.

इथे शिकण्यासारखं काय? यादीत तेच क्रमांक टाकता येतात, जे आपल्याला माहीत असतात. काय काय दिलं याचा हिशेबच पक्का नसेल, तर अख्खी फांदी तोडावी लागते. तिच्यावरची चांगली फळंही मग खाली येतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. 24 एप्रिल 2020 ला ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू झालं. वित्त आयोगाच्या निधीतून गटारीचं, पाण्याचं, दिव्यांचं बिल काढायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्या लागतात. आपण त्याला 'डोंगल' म्हणतो. त्यातलं प्रमाणपत्र साधारण एक ते तीन वर्षांचं असतं. पण ग्रामसेवकाची बदली मधेच होते. सरपंचावर अविश्वास ठराव येतो, मुदत संपते. बदली झाली म्हणून प्रमाणपत्र आपोआप रद्द होत नाही. कोणीतरी तशी मागणी करावी लागते. आणि पोर्टलवरून नाव काढणं वेगळं, प्रमाणपत्र रद्द करणं वेगळं. दोन्ही करावं लागतं.

डोंगल ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात आणि पासवर्ड त्याच्याच वहीत, हा प्रकार किती ठिकाणी असेल, तुम्हीच सांगा. ज्याची सही त्याला पत्ता नाही, आणि उद्या चौकशी लागली तर नाव त्याचंच. यात पंचायतीचं नुकसान आहेच, पण त्या साध्या सरपंचाचंही आहे, महिला सरपंच असेल तर जास्तच.

कोणावर आरोप नाही, माझं एवढंच म्हणणं आहे. पदभार घेताना-देताना आपण दप्तर, किल्ल्या, रोजमेळ मोजून घेतो. त्या यादीत एक ओळ वाढवा: डोंगल कोणाकडे, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, रद्द कधी केलं. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

सही देताना फोटो निघतो, हार घातला जातो. काढून घेताना निदान एक ओळ तरी लिहा.

तुमच्या गावात काय पद्धत आहे, खाली लिहा. पोस्ट आपल्या सरपंचांपर्यंत पोचवा.