लेहचा सरता हिवाळा आणि १९४८ची धावपट्टी

हथखोजच्या कारखान्यांचा धूर आणि होळीपूर्वीच जाणवू लागलेला छत्तीसगडचा उन्हाळा मागे टाकून आम्ही गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरकारी कामानिमित्त लेहला गेलो. त्या प्रवासात आम्हांस इतिहासाचे जे एक पान वाचावयास मिळाले, ते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून आपणांपुढे ठेवीत आहोत.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानची तापलेली वाळू उभी राहते. लेहही वाळवंटच, पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरचे आणि थंडीने गोठलेले. वर्षभरात तेथे पाऊस व हिम मिळून जेमतेम चार इंच पाणी पडते. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा सरत आला होता, तरी पहाटे नळ गोठलेलेच असत. झाडांना पान नव्हते. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस खोलीतच पडून राहण्याचा सल्ला मिळाला होता. खिडकीतून सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाच्या काळी उभारलेला नऊमजली राजवाडा दिसे. एके काळी काश्मीर, तिबेट आणि यारकंद येथील व्यापारी तांडे याच शहराच्या बाजारात उतरत. पश्मिना, चहा, मीठ यांची देवघेव येथेच होई.

हे शहर आपल्या देशात राहिले, यामागे १९४८ सालच्या अशाच एका सरत्या हिवाळ्याची कथा आहे. १९४७च्या नोव्हेंबरमध्ये गिलगिट हातचे गेले होते. फेब्रुवारी १९४८मध्ये स्कर्दूला वेढा पडला. पुढचा घाला लेहवर येणार हे उघड होते आणि लेहमध्ये सैनिक होते मूठभर. श्रीनगरहून येणारी वाट जोझिला खिंडीतून जाते. साडेअकरा हजार फूट उंचीची ती खिंड ऐन हिवाळ्यात ओलांडणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण, असे सारे जाणते लोक सांगत.

तरीही दुसऱ्या डोगरा पलटणीतील लाहौल खोऱ्याचे अधिकारी पृथी चंद आणि खुशाल चंद यांनी हे काम आपण होऊन अंगावर घेतले. सुमारे चाळीस स्वयंसेवकांची तुकडी फेब्रुवारीच्या मध्यास श्रीनगरहून निघाली. हिमकडे कोसळण्याची भीती पदोपदी होती. स्थानिक लोकांना शिकवून उभे करता यावे म्हणून जादा बंदुकाही बरोबर घेतल्या होत्या. ८ मार्च १९४८ रोजी ही तुकडी लेहला पोहोचली.

या तुकडीबरोबर एक मुलकी माणूस होता. त्याचे नाव सोनम नोरबू. तो मूळचा लडाखचाच, राज्य सरकारच्या नोकरीतला अभियंता. लेहला विमान उतरले तरच कुमक येणार आणि विमान उतरावयाचे तर धावपट्टी हवी, एवढा साधा हिशेब त्याने मनाशी पक्का केला होता. यंत्रे नव्हती, डांबर नव्हते. सिंधू नदीकाठच्या स्पितुक गोंप्याजवळील सपाटीवर लेहच्या लोकांनी कुदळी-फावड्यांनी जमीन सारखी केली, हातांनी दगड वेचले. गोठलेल्या भूमीत कुदळ मारणे म्हणजे काय, हे तेथील मार्च महिना अंगावर घेतल्याखेरीज उमगत नाही. एप्रिलमध्ये धावपट्टी तयार झाली.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान त्या पट्टीवर उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. त्या मार्गाचे धड नकाशे नव्हते. वीस हजार फुटांहून उंच पर्वतरांगा ओलांडावयाच्या होत्या आणि ते विमान अशा उंचीसाठी बनवलेलेच नव्हते. त्याच सुमारास कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेले व खुश्कीचा मार्ग तुटला. उन्हाळ्यात हल्लेखोर लेहपासून काही मैलांवर येऊन ठेपले. नुब्रा खोऱ्यात छेवांग रिंचेन हा सतरा वर्षांचा पोरगा गावकऱ्यांना घेऊन लढत होता. लेहला आधार होता तो या धावपट्टीवरून येणाऱ्या कुमकेचा आणि मनालीकडून डोंगर तुडवीत आलेल्या गोरख्यांचा. १ नोव्हेंबरला जोझिलावर रणगाडे चढले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लेहची कोंडी फुटली. ते रणगाडे चढले, तेही मद्रास सॅपर्सच्या जवानांनी आधी वाट तयार केली म्हणूनच.

येथे आपल्या कारवारकडील एका वीराची आठवण होते. लेहला धावपट्टी तयार होत होती त्याच एप्रिल महिन्यात, ८ ते ११ तारखांस, नौशेरा-राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे सुरुंग काढीत, आडवी पाडलेली झाडे हटवीत, जखमी अवस्थेत रणगाड्यांना वाट करून देत होते. त्यांना परमवीरचक्र लाभले. आपण लढाई म्हटले की तलवार आणि बंदूक आठवतो. पण त्या वर्षी कितीतरी ठिकाणी निकाल लागला तो वाट करणाऱ्या हातांमुळे.

आमच्या निवासाचे वृद्ध मालक एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, “माझे वडील त्या पट्टीवर दगड वेचायला जात.” त्यांचे नाव कुठे नोंदलेले आहे काय, असे आम्ही विचारले. ते हसले. म्हणाले, “साहेब, विमान उतरले ना? तीच नोंद.” सोनम नोरबूंचे नाव आज लेहच्या रुग्णालयाला आहे आणि ते योग्यच आहे, पण दगड वेचणाऱ्यांची यादी कोणापाशी नाही. तीस वर्षे फायलींत नोंदी करण्यात घालवलेल्या आम्हांस त्या उत्तरापुढे बोलता आले नाही.

परतीच्या विमानाने धाव घेतली तेव्हा आमच्या मनात आमचे वडील होते. विदर्भातील गाव सोडून ते भिलाईला आले, त्या वेळी येथे माळरानावर कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा ते गर्दीत कुठेतरी मागे उभे होते. त्यांचेही नाव कोणत्या शिलालेखावर नाही. लहानपणी आम्हांस त्याची खंत वाटे. ती त्यांच्यापाशी बोलून दाखवली, तर ते नुसते रेल्वेच्या रुळांकडे बोट दाखवीत. देशभर पसरलेले ते रूळ मुख्यत्वे भिलाईतच घडतात.

वडिलांच्या त्या बोटाचा अर्थ आम्हांस वयाच्या पन्नाशीनंतर, गावापासून इतक्या दूर, एका गोठलेल्या शहरात कळला. मंडळाच्या या पन्नास वर्षांतही सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, गणपतीचा मांडव बांधणारे असे कितीतरी हात होते. या स्मरणिकेत सर्वांची नावे येणार नाहीत. परंतु परमुलखात आपली मुले आज मराठी बोलतात, ती त्यांचीच नोंद होय.