सरकारी दवाखान्याची तपासणी गाव करतं तेव्हा

तोरणमाळ म्हटलं की आपल्याला यशवंत तलाव आणि थंड हवा आठवते. पण तिथल्या पाड्यांचा प्रश्न वेगळा: गरजेच्या वेळी दवाखान्यात डॉक्टर आणि औषध मिळतं का?

पूर्वी याचं उत्तर आरोग्य खात्याच्याच नोंदवह्या देत. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने इतर संस्थांसह काढलेल्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवलं, की अनेक बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. म्हणजे तपासणारा बाहेरचाही हवा.

२००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. नर्सताई येतात का? लसीकरण होतं का? औषध बाहेरून आणायला लावतात का? गावकरीच विचारून पत्रक भरत. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल रंग. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल खूण कळते. पुढे जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे.

रुग्णाला विचारल्याशिवाय निदान होत नाही, दवाखान्याचंही तसंच. तुमच्या गावातही ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिची पुढची बैठक कधी आहे, एवढं जरूर विचारा.