पलटणींच्या रोजनिशा

युद्धाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सेनापतींची आत्मचरित्रे आणि जाडजूड सरकारी ग्रंथ उभे राहतात. परंतु ह्या दोहोंच्याही आधी लिहिला जाणारा एक कागद असतो, तो म्हणजे पलटणीची रोजनिशी. पहिल्या महायुद्धात रणभूमीवर गेलेल्या ब्रिटिश आणि भारतीय सैन्यातील पलटणींनी, ब्रिगेडींनी आणि डिव्हिजनांनी अशी रोजनिशी ठेवावी, असा लष्करी नियम होता. पुढे इतिहास लिहिणाऱ्यास विश्वसनीय आधार मिळावा आणि संघटना, शिक्षण व रसद ह्यांतील उणिवा ध्यानात याव्यात, हा त्यामागील हेतू होता. लेखनाचे काम बहुधा अ‍ॅड्ज्युटंटकडे किंवा एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असे. छापील कागदावर स्थळ, तारीख, वेळ आणि घडलेल्या गोष्टींचा सारांश असे रकाने असत. ते पुष्कळदा पेन्सिलीने, खंदकातील मेणबत्तीच्या उजेडात भरले जात. लिहिणारा थकलेला असे. कधी तो मारला जाई आणि पुढील तारखेपासून हस्ताक्षर बदले.

लंडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात ह्या रोजनिशांची सुमारे १५ लाख पाने आहेत. एका संशोधकाचे सारे आयुष्य पुरणार नाही, असा हा ढीग आहे. म्हणून महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने, जानेवारी २०१४ मध्ये, हा दफ्तरखाना, इंपिरियल वॉर म्युझियम आणि झूनिव्हर्स ही संस्था ह्या तिघांनी मिळून ते काम सर्वसामान्य लोकांच्या हाती सोपविले. पानांची छायाचित्रे संगणकावर ठेवण्यात आली. पहिल्या काही आठवड्यांतच देशोदेशींचे दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक पुढे आले. त्यांत शिक्षक होते, निवृत्त लोक होते, आजोबांची पलटण शोधणारे नातू होते.

त्यांना पान अक्षरशः उतरवून काढावयाचे नव्हते. पानावरील मजकुराला खुणा लावावयाच्या होत्या. ही तारीख, हे गाव, ही व्यक्ती, ही हवा, ही मृतांची व जखमींची संख्या, आणि त्या दिवशी पलटण काय करीत होती ती ही कृती, अशा त्या खुणा होत. एकच पान अनेकांना दाखविले जाई आणि ज्या खुणांवर त्यांचे एकमत होई त्या ग्राह्य धरल्या जात. कागदावरील अक्षरांचे अशा रीतीने मोजता येण्याजोग्या माहितीत रूपांतर होई.

एकमताची ही युक्ती एका बाबतीत फार गुणकारी आहे. पुसट झालेला ३ हा आकडा एखाद्याने ८ वाचला, तर उरलेल्या चौघांचे वाचन त्याची चूक झाकून टाकते. वाचनातील प्रमाद असा बहुमताने दुरुस्त होतो. परंतु अर्थाचा प्रश्न आला की बहुमत अपुरे पडते. पलटण पहिल्या फळीतून मागे आली की रोजनिशीत ‘विश्रांती’ असा शब्द येतो. आता, ह्या विश्रांतीच्या काळात त्याच शिपायांच्या टोळ्या रात्री पुढे जाऊन खंदक खणीत, तारा ओढीत, ओझी वाहत. मग त्या दिवसाला खूण कोणती लावावी? विश्रांतीची, की श्रमाची? लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द प्रमाण मानावा, की शिपायाच्या पाठीवरील ओझे? अक्षर अगदी स्वच्छ असूनही येथे दोन प्रामाणिक वाचकांत मतभेद होईल. तो मिटविण्यास आधी संकेत ठरवावा लागतो आणि तो सर्वांनी पाळावा लागतो. गावांच्या नावांचेही तसेच. बेल्जियममधील एकाच गावाला फ्रेंचांचे नाव निराळे, फ्लेमिश लोकांचे निराळे आणि इंग्रज शिपायाने जिभेला सोयीचे करून घेतलेले तिसरेच. संकेत नसेल, तर एका गावाची तीन गावे होतात.

ह्या श्रमांचे फळ अल्प नव्हते. स्वयंसेवकांच्या खुणांच्या आधारे रिचर्ड ग्रेसन ह्या इतिहासकाराने पश्चिम आघाडीवरील पलटणींच्या दिनक्रमाचा अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. सतत चिखलाच्या खंदकात उभा राहून लढणारा शिपाई हे आपल्या मनातील चित्र त्यातून बरेच बदलते. प्रत्यक्ष चकमकीचे दिवस थोडे. कवायत, वाटचाल, मजुरी आणि विसावा ह्यांचे दिवस पुष्कळ. एकटादुकटा अभ्यासक वेचक उतारे वाचून हे सांगू शकला नसता. त्यासाठी हजारो पाने एकाच मापाने मोजली जाणे आवश्यक होते.

परंतु माप एक झाले की त्याची मर्यादाही सर्वत्र एकच होते. ‘व्यक्ती’ ही खूण लागण्यास पानावर नाव असावे लागते. रोजनिशीत नाव येते ते बहुधा अधिकाऱ्याचे. साधा शिपाई, मग तो इंग्रज असो वा भारतीय, ‘अन्य दर्जाचे’ ह्या सदराखाली केवळ संख्या होऊन येतो. दोन ठार, पाच जखमी. स्वयंसेवक कितीही दक्ष असला तरी ह्या दोघांना व्यक्तीची खूण लावू शकत नाही. येथे कोणाचीच चूक नाही, सर्वांचे एकमत आहे, आणि म्हणूनच ही उणीव कोणाच्या लक्षात येत नाही.

भारतीय वाचकाला हा प्रश्न जवळचा वाटावा असे कारण आहे. फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढलेल्या भारतीय पलटणींच्या रोजनिशाही ह्याच दफ्तरात आहेत. मेसोपोटेमियातील सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात त्या सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. सातारा-रत्नागिरीकडील किती घरांची माणसे तेथे अडकली असतील! त्यांची नावे रोजनिशीच्या सारांशात शोधू गेल्यास हाती बहुतेक आकडेच लागतात.

आणि ही सवय कागदापुरती राहिली नाही. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. परंतु १९२९ सालच्या बसरा स्मारकावर भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हजारो शिपायांची पलटणवार केवळ संख्या नोंदविली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ह्या विषमतेची कबुली देऊन क्षमा मागितली. म्हणजे एका लढाईतील शिपाई दगडावर माणूस म्हणून राहिला आणि दुसरीतील आकडा म्हणून. कोणते रकाने आखावयाचे, हे ठरविणाऱ्यांनीच हा भेद केला होता.

तेव्हा खुणांचा संकेत ठरविणे हे कारकुनी काम आहे, असे मानणे बरोबर नाही. खूण म्हणजे कागदाला विचारलेला प्रश्न होय, आणि जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर मोजणीत उतरत नाही. ह्यावरील उपाय अवघड नाहीत. खुणेबरोबर मूळ पान सदैव वाचकाच्या हाताशी असावे. संकेत कोणता ठरला आणि का ठरला, हे लिहून ठेवावे. आणि जेथे नाव नाही, तेथे ‘नाव नोंदविलेले नाही’ अशीही एक खूण असावी. तसे झाले तर ‘दोन ठार’ ह्या दोन शब्दांपाशी पुढचा अभ्यासक थांबेल, आणि पेन्शनीचे कागद, भरतीची नोंदवही, गावची आठवण असा मार्ग काढीत त्या दोघांच्या नावांचा शोध घेऊ लागेल.